आपत्तीनंतरची शाळा : शिक्षक व शालेय कर्मचाऱ्यांवरील मानसिक आघात

भूकंप, पूर, भूस्खलन, आग किंवा हिंसाचार यांची झळ एखाद्या शाळेला बसते, तेव्हा सर्वांचे लक्ष साहजिकच मुलांकडे जाते. मृत व जखमी विद्यार्थ्यांची संख्या जाहीर होते, पालकांना मदत दिली जाते, वाचलेल्या मुलांसाठी समुपदेशक पाठविले जातात. त्याच शाळेतील शिक्षक, मुख्याध्यापक, लिपिक, शिपाई आणि मध्यान्ह भोजन शिजविणाऱ्या महिला हे सर्व जण मदत करणाऱ्यांत गणले जातात. मदतीची गरज असलेल्यांच्या यादीत त्यांची नावे क्वचितच आढळतात. शासकीय आकडेवारीनुसार २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात देशातील शालेय शिक्षकांची संख्या प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली. एवढ्या मोठ्या वर्गाच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न हा शिक्षणव्यवस्थेचाही प्रश्न ठरतो, कारण आपत्तीनंतर मुलांना सावरण्याचे काम प्रत्यक्षात याच लोकांच्या हातून व्हायचे असते.

मानसिक आघाताचा शिक्षक व शालेय कर्मचाऱ्यांवर होणारा परिणाम, त्याची कारणे, त्यासंबंधी झालेले संशोधन आणि आपल्या देशातील तरतुदी यांचा हा आढावा.

अंजार, २६ जानेवारी २००१

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असल्याने बहुतेक शाळांतील वर्ग रिकामे होते. अंजार शहरात मात्र शाळांची मुले आपल्या शिक्षकांसह संचलनासाठी रस्त्यावर होती. बाजूच्या इमारती कोसळल्या आणि १८५ विद्यार्थी व २० शिक्षक ढिगाऱ्याखाली गाडले गेले. त्यांच्या स्मरणार्थ अंजार येथे 'वीर बालक स्मारक' उभारण्यात आले असून २८ ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

या घटनेत शिक्षक मुलांसोबत होते, तेही मृत्युमुखी पडले आणि स्मारकात त्यांचीही आठवण जपली गेली. परंतु अशा दुर्घटनेतून जे शिक्षक वाचतात, त्यांच्या वाट्याला येणारे ओझे सहसा कोठेही नोंदले जात नाही. ज्या मुलांना रांगेत उभे केले, ज्यांची हजेरी घेतली, त्यांच्यापैकी अनेक जण आता नाहीत, ही जाणीव त्यांना घेऊन जगावे लागते. कच्छमध्ये तर दुर्घटनेचा स्मृतिदिन हाच राष्ट्रीय सणाचा दिवस आहे. दर वर्षी त्याच तारखेला, त्याच सुमारास मुलांना पुन्हा मैदानात रांगेने उभे करून ध्वजवंदनाचा कार्यक्रम पार पाडणे हे तेथील शिक्षकाचे कर्तव्यच आहे.

आघात म्हणजे नेमके काय

जिवाला किंवा शरीराच्या सुरक्षिततेला गंभीर धोका निर्माण करणारी घटना स्वतः अनुभवणे, ती दुसऱ्यावर ओढवत असताना डोळ्यांनी पाहणे किंवा अत्यंत जवळच्या व्यक्तीबाबत ती अकस्मात घडल्याचे समजणे, यांना वैद्यकीय परिभाषेत आघातकारक अनुभव म्हटले जाते. अशा अनुभवानंतर पहिले काही दिवस झोप न लागणे, अंग थरथरणे, सतत रडू येणे, किंवा उलट काहीच न जाणवणे, ही लक्षणे बहुतेकांत दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात या तात्काळ प्रतिक्रियेला मानसिक विकार मानलेले नाही. असामान्य प्रसंगी माणसाच्या मनाने दिलेला तो स्वाभाविक प्रतिसाद आहे, आणि काळ, आधार व नित्यक्रम यांच्या साहाय्याने बहुसंख्य लोक त्यातून सावरतात.

काहींच्या बाबतीत मात्र लक्षणे कित्येक आठवडे टिकून राहतात आणि दैनंदिन जीवन विस्कळीत करतात. या स्थितीला आघातोत्तर तणाव विकार असे म्हणतात. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत या विकाराचा प्रथम समावेश केला. त्याची तीन मुख्य लक्षणे आहेत. पहिले, घटना आता पुन्हा घडत असल्याप्रमाणे ती डोळ्यांसमोर उभी राहणे किंवा दुःस्वप्ने पडणे. दुसरे, त्या घटनेची आठवण करून देणारी जागा, माणसे व विषय टाळणे. तिसरे, धोका टळलेला असूनही तो समोरच आहे अशा सावधतेत सतत राहणे आणि किंचितशा आवाजानेही दचकणे.

शिक्षकाच्या बाबतीत या तिन्ही लक्षणांची गाठ थेट त्याच्या कामाशी पडते. जी जागा टाळावीशी वाटते, तेथेच रोज सकाळी त्याला हजर व्हावे लागते. घंटेचा आवाज, मधल्या सुटीतील गलका, बाके सरकविण्याचा खडखडाट यांतून शाळेची सुटका नसते. ज्या बाकावरचे मूल गेले, ते बाक वर्गातच असते. इतर अनेक व्यवसायांत आघाताच्या जागेपासून काही काळ दूर राहता येते. शिक्षकाला ती सवलत सहसा मिळत नाही.

एकाच व्यक्तीवर अनेक भूमिका

आपत्तीच्या वेळी शिक्षक एकाच वेळी अनेक भूमिकांत असतो. तो स्वतः आपद्ग्रस्त असतो, विद्यार्थ्यांसाठी शोक करणारा असतो, मदतकार्यात राबणारा असतो आणि पालकांना व प्रशासनाला उत्तरदायीही असतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपाचे उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. किल्लारी व परिसरातील गावे झोपेत असतानाच दगडमातीची घरे कोसळली आणि हजारो माणसे दगावली. वेळ पहाटेची असल्याने मुलेही घरी होती आणि गावात राहणारे शिक्षकही. अशा गावातील शिक्षक प्रथम स्वतःच्या घरातील माणसे शोधत असतो. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरते, तेव्हा हजेरीपट उघडण्याची वेळ त्याच्यावरच येते. हजेरीपटावरील नाव कमी करणे ही कागदोपत्री एक साधी नोंद असते; परंतु ती करणाऱ्याला त्या नावाचा चेहरा, हस्ताक्षर आणि आवाज ठाऊक असतो.

केरळमधील वायनाड जिल्ह्यात ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई व चूरलमला परिसरात प्रचंड भूस्खलन झाले. वेल्लरमला येथील शासकीय शाळेने आपले अनेक विद्यार्थी गमावले. अशा प्रसंगी मृतदेहांची ओळख पटविण्यासाठी, बेपत्ता मुलांची यादी तयार करण्यासाठी आणि मदत छावण्यांतील कुटुंबांशी संपर्क ठेवण्यासाठी प्रशासनाला शिक्षकांचाच आधार घ्यावा लागतो, कारण घराघरातील माणसे नावानिशी ओळखणारा शासकीय कर्मचारी तोच असतो. वेल्लरमला व मुंडक्कई येथील शाळांचे वर्ग २ सप्टेंबर २०२४ रोजी मेप्पाडी येथे पुन्हा सुरू झाले. मुलांच्या स्वागतासाठी पुनःप्रवेशोत्सव साजरा करण्यात आला. आपत्तीला जेमतेम पाच आठवडे झाले असताना मुलांपुढे हसऱ्या चेहऱ्याने उभे राहण्याची जबाबदारी त्यांच्या शिक्षकांवर होती.

उत्तरदायित्वाची भूमिका सर्वांत कठीण असते. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथील एका खासगी अनुदानित शाळेला आग लागून ९४ बालके मृत्युमुखी पडली. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात लागलेली आग गवताच्या छपरामुळे पसरली होती. मुलांना सोडून शिक्षक पळून गेल्याचा आरोप त्या वेळी झाला आणि लोकांचा रोष त्यांच्यावर उसळला. २१ आरोपींवर चाललेल्या खटल्याचा निकाल जुलै २०१४ मध्ये लागला. १० जण दोषी ठरले आणि ११ जण निर्दोष सुटले. कोणत्याही दुर्घटनेत दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवायचे असते आणि निष्काळजीपणाची चौकशी झालीच पाहिजे. तथापि निकाल लागेपर्यंतची वर्षे संशयाखाली काढणाऱ्या निर्दोष व्यक्तीच्या मनावर होणारा परिणाम हाही आघाताचाच एक भाग आहे.

ज्यांच्यावर कोणताही आरोप नसतो, त्यांनाही 'आपण आणखी एक मूल बाहेर काढू शकलो असतो का' हा प्रश्न सोडत नाही. मानसशास्त्रात याला वाचल्याचा अपराधभाव असे म्हणतात. मुलांचे रक्षण करणे हे शिक्षक आपल्या पेशाचे मूळ कर्तव्य मानतो. त्यामुळे हा अपराधभाव त्याच्यात खोलवर रुजतो आणि तर्काने सहजासहजी दूर होत नाही.

ऐकण्यातून होणारा आघात

आघात केवळ प्रत्यक्ष आपत्तीतूनच होतो असे नाही. दुसऱ्याच्या वेदना वारंवार ऐकणाऱ्या व्यक्तीतही आघाताची लक्षणे निर्माण होऊ शकतात, हे संशोधकांनी १९९० च्या दशकात मांडले. त्याला दुय्यम आघात म्हणतात. आरंभी हा विचार परिचारिका, समुपदेशक व बचाव कर्मचारी यांच्या संदर्भात झाला. पुढे त्यात शिक्षकांचाही समावेश होऊ लागला. २०१३ मध्ये अमेरिकी निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. कामाचा भाग म्हणून एखाद्याला अशा घटनांचे भीषण तपशील पुन्हापुन्हा जाणून घ्यावे लागत असतील, तर तोही आघातकारक अनुभव ठरू शकतो, असे तीत स्पष्ट करण्यात आले.

शिक्षकाच्या कानावर अशा गोष्टी नित्य येत असतात. घरातील मारहाण, वडिलांचे व्यसन, कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचे अबोल होणे, यांची पहिली चाहूल अनेकदा वर्गातच लागते. लैंगिक अत्याचार झालेले मूल विश्वासाने शिक्षिकेला सांगते, तेव्हा तिच्यावर कायद्याची जबाबदारीही येते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे आणि न कळविणे हा दंडनीय गुन्हा आहे. मुलाच्या हितासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. मात्र ते सर्व ऐकून घेणे, जबाब देणे, कुटुंबाचा किंवा गावाचा रोष पत्करणे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात गणित शिकविणे, या साखळीत त्या शिक्षिकेच्या मनःस्थितीची विचारपूस करणारा टप्पा कोठेही नसतो.

विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर शाळेत पसरणारी शांतता ही याच प्रकारातली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. अशा प्रत्येक मुलामागे त्याला शिकविणारे अनेक शिक्षक असतात. त्याची बदललेली वागणूक आपल्या लक्षात का आली नाही, शेवटचे आपण त्याला काय बोललो, याची उजळणी ते दीर्घकाळ करीत राहतात.

दुय्यम आघात आणि कामाचा थकवा यांत फरक आहे. कामाच्या दीर्घकालीन ताणातून येणारी गळून गेल्याची अवस्था जागतिक आरोग्य संघटनेने व्यवसायाशी निगडित घटना मानली असून तिला स्वतंत्र आजाराचा दर्जा दिलेला नाही. तीत कामाविषयी विटलेपण येते आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागते. हा थकवा हळूहळू साठतो. दुय्यम आघात एखाद्या मुलाची कहाणी ऐकल्यानंतर अचानकही जाणवू शकतो. एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात आणि तेव्हा नोकरी सोडण्याचा किंवा बदली मागण्याचा विचार प्रबळ होतो.

शिक्षकेतर कर्मचारी

शाळेतील मानसिक आघाताची चर्चा झाली तरी ती बहुधा शिक्षकांपाशीच थांबते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा मुलांशी येणारा संबंध काही वेळा अधिक निकटचा असतो. फाटक उघडणारा शिपाई प्रत्येक मुलाला येताजाताना पाहतो. आश्रमशाळेतील अधीक्षक रात्री आजारी मुलाच्या उशाशी बसतो. शाळेच्या गाडीचा चालक मुलाला घराच्या दारात सोडतो.

१९६६ मध्ये वेल्समधील ॲबरफॅन या खाणगावात कोळशाच्या राडारोड्याचा डोंगर शाळेवर घसरून १४४ जण ठार झाले. त्यांत ११६ मुले व शाळेतील ५ शिक्षक होते. त्या दिवशी भोजनाचे पैसे गोळा करणाऱ्या नॅन्सी विल्यम्स या कर्मचारी महिलेने स्वतःच्या शरीराने पाच मुलांना झाकून घेतले. मुले वाचली, त्या मात्र वाचल्या नाहीत.

बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. अन्नात कीटकनाशक आढळले होते. ते अन्न शिजविणाऱ्या महिलांची स्वतःची मुलेही जेवणाऱ्यांत होती आणि अन्न चाखणारी एक महिला स्वतःही आजारी पडली. देशभरात या योजनेखाली सुमारे २५ लाख स्वयंपाकी व मदतनीस काम करतात. त्यांतील बहुसंख्य महिला असून त्यांना वेतनाऐवजी मानधन मिळते. नियमित कर्मचाऱ्यासारखी रजा किंवा वैद्यकीय सुविधा नसलेल्या या महिलांना आघातानंतर काही दिवस घरी बसणे परवडत नाही.

लिपिकाचे काम कागदांचे असते, म्हणून त्याला आघाताची झळ लागत नाही, हा समजही बरोबर नाही. मृत विद्यार्थ्याच्या जन्मतारखेचा दाखला नोंदवहीतून काढून देणे, मदतीच्या प्रस्तावासाठी पालकांकडून कागदपत्रे घेणे, चौकशी समितीला माहिती पुरविणे ही कामे त्याच्या टेबलावरूनच पुढे जातात. त्या प्रत्येक कागदासोबत त्याच्यासमोर एक आई किंवा बाप उभा असतो.

वर्गावर होणारा परिणाम

आघाताने ग्रासलेल्या शिक्षकात होणारे बदल अनेकदा स्वभावदोष म्हणून पाहिले जातात. एकाग्रता कमी झाल्याने शिकविताना विषय मध्येच तुटतो. विसराळूपणा वाढतो. झोप अपुरी झाल्याने क्षुल्लक कारणावरून राग अनावर होतो आणि नंतर पश्चात्ताप होतो. काही शिक्षक मुलांबाबत अतिदक्ष होतात. सहलीला नेणे, मैदानावर सोडणे, दार बंद करणे यांचीही त्यांना धास्ती वाटते. काही जण उलट मुलांपासून मनाने दूर जातात आणि केवळ अभ्यासक्रम उरकतात. डोकेदुखी, पाठदुखी, रक्तदाब व पोटाच्या तक्रारी यांसाठी वारंवार रजा घेतली जाते, पण मूळ कारण रजेच्या अर्जात कधीच येत नाही. पुरुष शिक्षकांत मद्यपान वाढण्याची शक्यताही दुर्लक्षिण्यासारखी नाही.

मुले मोठ्यांच्या चेहऱ्यावरून धोक्याचा अंदाज बांधतात. त्यामुळे शिक्षकाची अस्वस्थता वर्गात पोहोचते, वर्गातील अस्थिरता पुन्हा शिक्षकावर येऊन आदळते आणि हे चक्र चालू राहते. आपत्तीनंतर शाळा लवकर सुरू करणे मुलांच्या हिताचे असते, यावर तज्ज्ञांचे सर्वसाधारण एकमत आहे. मात्र ती शाळा चालविणारी माणसे कोणत्या अवस्थेत आहेत, यावर त्या शाळेचा उपयोग अवलंबून असतो.

तुर्कस्तान व अमेरिकेतील अनुभव

१७ ऑगस्ट १९९९ रोजी तुर्कस्तानच्या मार्मारा प्रदेशात झालेल्या भूकंपात अधिकृत आकडेवारीनुसार १७ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर इस्रायली व तुर्की मनोविकारतज्ज्ञांच्या पथकाने शिक्षकांमार्फत मुलांना सावरण्याचा एक कार्यक्रम राबविला. या कार्यक्रमाची रचना लक्षणीय होती. शिक्षकांच्या हाती थेट पुस्तिका देऊन त्यांना वर्गात पाठविण्यात आले नाही. प्रथम त्यांनाच एकत्र बसवून त्यांचे स्वतःचे अनुभव, भीती व दुःख यांविषयी बोलण्याची संधी देण्यात आली आणि मगच त्यांनी मुलांसाठी सत्रे घेतली.

तीन वर्षांनंतर या मुलांची तुलना कार्यक्रमात नसलेल्या मुलांशी करण्यात आली. आघाताच्या लक्षणांच्या तीव्रतेत दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. अभ्यास, इतरांशी वागणे व सर्वसाधारण वर्तन यांत मात्र कार्यक्रमातील मुले सरस असल्याचे दिसून आले. शिक्षक हा उपचारतज्ज्ञांना पर्याय ठरत नाही, परंतु स्वतः सावरलेला शिक्षक मुलांचे रोजचे जगणे मार्गी लावू शकतो, असा या निष्कर्षांचा अर्थ लावता येतो.

अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत २० एप्रिल १९९९ रोजी झालेल्या गोळीबारात १२ विद्यार्थी व १ शिक्षक त्याच दिवशी मृत्युमुखी पडले. तेथील मुख्याध्यापक फ्रँक डीअँजेलिस २०१४ पर्यंत त्याच शाळेत राहिले आणि आपण स्वतः मानसोपचार घेतल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. २०१९ मध्ये तेथील माध्यमिक मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने गोळीबाराला सामोऱ्या गेलेल्या मुख्याध्यापकांचा एक गट स्थापन केला. डीअँजेलिस त्यात आरंभापासून आहेत. नव्याने अशी घटना घडलेल्या शाळेच्या प्रमुखाला हे अनुभवी सहकारी स्वतःहून संपर्क करतात. आपल्यासारख्याच प्रसंगातून गेलेल्या समव्यावसायिकाचा हा आधार औपचारिक समुपदेशनाला पूरक ठरतो.

भारतातील तरतुदी

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. या मनाईला कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका असे अपवाद आहेत. म्हणजेच आपत्तीच्या काळात शिक्षकाला मदतकार्यावर नेमण्याचा अधिकार प्रशासनाला आहे. कोविडच्या साथीत अनेक राज्यांतील शिक्षकांनी सर्वेक्षण, धान्यवाटप, विलगीकरण केंद्रे व तपासणी नाके येथे काम केले. त्यांतील काही जण संसर्गाने दगावले आणि त्यांचे सहकारी पुन्हा त्याच कामावर रुजू झाले. मदतकार्यावर नेमलेल्या शिक्षकाच्या मानसिक आरोग्याविषयी या कलमात स्वतंत्र तरतूद नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये आपत्तीतील मनोसामाजिक आधार व मानसिक आरोग्य सेवांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात असून शासकीय व्यवस्थेतून मानसिक उपचार मिळणे हा त्यानुसार प्रत्येकाचा हक्क आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणे संरक्षण द्यावे, असे हा कायदा सांगतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा अंतर्भाव आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशव्यापी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत पात्र समुपदेशक असावा आणि शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत नमूद आहे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा उल्लेख ही स्वागतार्ह बाब आहे. प्रशिक्षणाचा हेतू विद्यार्थ्यांना मदत करणे हा आहे. त्याच व्यवस्थेतून कर्मचाऱ्यांनाही आधार मिळेल का, हे अंमलबजावणीवर अवलंबून राहील.

व्यवहारातील अडचणी मोठ्या आहेत. 'निम्हान्स' संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. २०२४-२५ मध्ये देशात एक लाखाहून अधिक एकशिक्षकी शाळा होत्या. अशा शाळेतील शिक्षक रजेवर गेला की शाळाच बंद पडते. त्याखेरीज मानसिक उपचार घेतल्याचे कळल्यास 'मुलांना सांभाळण्यास अयोग्य' असा शिक्का बसेल, ही भीती असते. खासगी शाळांतील कंत्राटी शिक्षकांना नोकरी जाण्याची धास्ती वेगळीच.

काय करता येईल

जागतिक आरोग्य संघटना व सहयोगी संस्थांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेचा गाभा पाहणे, ऐकणे व जोडून देणे असा आहे. कोण अडचणीत आहे ते पाहावे, त्याला बोलते होण्याची सक्ती न करता त्याचे ऐकावे आणि आवश्यक त्या सेवेशी त्याला जोडून द्यावे. घटना घडल्यानंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सविस्तर हकिकत सांगायला लावणे मात्र उपयुक्त ठरत नाही, असे या संघटनेच्या २०१३ च्या शिफारशींत म्हटले आहे. विकार जडल्यास आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचारासारख्या पद्धती परिणामकारक आहेत.

शाळेच्या पातळीवर काही गोष्टी फारशा खर्चाविना शक्य आहेत. शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी केवळ कर्मचाऱ्यांची बैठक घेऊन कोणाच्या घरी काय घडले आहे याची विचारपूस करता येईल. या बैठकीत स्वयंपाकी महिला, शिपाई व चालक यांनाही बोलवावे. रिकाम्या बाकाचे काय करायचे, हजेरीपटातील नोंद कोण करणार, मुलांच्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचे, हे तेथेच ठरवावे. एका शिक्षकावर ते सोडू नये. आपले मूल किंवा जोडीदार गमावलेल्या शिक्षकास वर्गावर येण्याची घाई करू नये, आणि ज्याला कामात राहून बरे वाटते त्याला घरी बसण्याचा आग्रहही करू नये. वृत्तमाध्यमांशी बोलण्यासाठी एकच व्यक्ती नेमल्यास इतरांना तेच तेच सांगत राहावे लागत नाही. स्मृतिदिनाचा कार्यक्रम कर्मचाऱ्यांशी आधी बोलून ठरवावा.

शिक्षण विभागाकडून अपेक्षित असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. आपद्ग्रस्त तालुक्यात शेजारच्या तालुक्यांतून काही आठवड्यांसाठी बदली शिक्षक पाठविणे, स्वतः आपद्ग्रस्त असलेल्या शिक्षकाला मदतकार्याच्या नेमणुकीतून वगळणे, आपत्तीनंतरच्या रजेचे नियम शिथिल करणे आणि मुलांसाठी येणाऱ्या समुपदेशकाच्या वेळापत्रकात कर्मचाऱ्यांसाठी वेळ राखून ठेवणे, हे उपाय प्रशासकीय आदेशाने होऊ शकतात. चौकशी आवश्यक असेल तेथे ती त्वरित पूर्ण होणे हेही सर्वांच्याच हिताचे असते.

पालकांचा वाटाही महत्त्वाचा आहे. ज्या घरातील मूल गेले, त्या घराला शिक्षकाने भेट द्यावी अशी आपल्याकडे रीत आहे. त्या भेटीत दोन्ही बाजूंना दुःख असते, याची जाणीव असली तरी पुष्कळसा ताण हलका होतो.

मदत कोठे मिळेल

लक्षणे महिनाभराहून अधिक काळ टिकल्यास, झोप व कामकाज सतत बिघडत असल्यास, व्यसन वाढत असल्यास किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार मनात येत असल्यास विलंब न करता तज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून कार्यरत असून १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकांवर दिवसरात्र, विनाशुल्क आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन मिळते. शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये सुरू केलेल्या 'मनोदर्पण' उपक्रमात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षक व कुटुंबीय यांचाही समावेश असून त्याचा दूरध्वनी क्रमांक ८४४८४४०६३२ असा आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागातही सल्ला घेता येतो. हे क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर मुलांसाठी लावले जातात. शिक्षक कक्षात आणि स्वयंपाकघरातही ते लावलेले असावेत.